गल्ल्यातले ४०,००० आणि देवाची क्षमा : ख्रिस्ती श्रद्धेत हिशेब नेमका कुठे मिटतो?

आडवळण (प्रश्न)

ख्रिस्ती श्रद्धेत देवाची क्षमा प्रत्यक्षात कशी मिळते, कोणत्या क्षणी मिळाली असं धरतात आणि ती मिळाल्यावर मागे काय उरतं, हे जाणकारांकडून समजून घ्यायचं आहे. 'देव दयाळू आहे' इथवर ठाऊक आहे, त्याच्या पुढचं हवंय.

उत्तरं हवेत राहू नयेत म्हणून एक काल्पनिक प्रकरण घेऊ. पतपेढीतल्या एका रोखपालाने आठ महिन्यांत गल्ल्यातून थोडे थोडे करून ४०,००० रुपये काढले. कुणाला पत्ता नाही. हिशेबातली तफावत शेजारच्या काउंटरवरच्या बाईंच्या नावावर गेली आणि त्यांचा १०,००० रुपयांचा बोनस अडकला. रोखपाल ख्रिस्ती आहे आणि आता त्याला टोचणी लागली आहे.

तो कॅथलिक असेल तर काय करेल, प्रोटेस्टंट असेल तर काय? क्षमा मिळाली म्हणजे पैसे परत करायची गरज उरत नाही का? फादर पोलिसांत जाऊ शकतात का? आणि 'ज्याची क्षमा होणार नाही' असं जे एक पाप शुभवर्तमानात सांगितलंय, ते कोणतं?

'आठवडाभर पाप करा, रविवारी धुऊन या' हा विनोद ऐकून झालाय, तो कृपया नको.

---

घंटाघर

कॅथलिक बाजू मी लिहितो. लांबेल.

आधी पापाचा वर्ग ठरवू. कॅथलिक शिकवणीत देवाशी असलेलं नातं तोडणारं ते प्राणघातक पाप आणि नातं दुखावणारं पण न तोडणारं ते क्षम्य पाप. प्राणघातक ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे याची जाणीव हवी आणि तरीही राजीखुशीने केलेली हवी. तिन्हींपैकी एक जरी कमी पडली तर ते प्राणघातक नाही. तुमच्या रोखपालाच्या बाबतीत तिन्ही आहेत. शिवाय पापं दोन आहेत, हे बहुतेकांच्या नजरेतून सुटेल: चोरी, आणि निर्दोष माणसावर ठपका येत असताना गप्प बसणं. बायबलमधल्या दहा आज्ञांच्या आमच्या मोजणीत सातवी आणि आठवी. (इथे कुणी प्रोटेस्टंट मित्र 'आठवी आणि नववी' म्हणतील. आज्ञा त्याच दहा, पाडलेले भाग वेगळे. त्यावरून भांडू नये.)

प्राणघातक पाप असताना कम्युनियन (मिस्सेत मिळणारा ख्रिस्तप्रसाद) घ्यायचं नाही, आधी कन्फेशन, म्हणजे धर्मगुरूंसमोर पापनिवेदन. गोव्यात कोकणीत याला कुमसार म्हणतात. गंभीर पाप असेल तर वर्षातून निदान एकदा ते सांगणं बंधनकारक आहे. हा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेपासूनचा, आणि कॅथलिक चर्चच्या आजच्या धर्मसंहितेत ९८९ व्या कलमात आहे.

आता क्रम. घरी किंवा चर्चमध्ये बसून आत्मपरीक्षण. मग पश्चात्ताप, आणि त्यातच 'पुन्हा करणार नाही' हा निश्चय. मग निवेदन, मग धर्मगुरूंकडून पापमुक्ती, आणि शेवटी त्यांनी सांगितलेलं प्रायश्चित्त पूर्ण करणं. यातला कणा पश्चात्ताप आहे, निवेदन नव्हे. पश्चात्ताप दोन प्रतीचा मानतात. नरकाच्या भीतीपोटी किंवा पापाच्या किळसेपोटी आलेला तो अपूर्ण, आणि देवावरच्या प्रेमापोटी आलेला तो पूर्ण. कन्फेशनसाठी अपूर्ण पश्चात्तापही चालतो. पूर्ण पश्चात्ताप असेल आणि शक्य तितक्या लवकर कन्फेशन करायचा पक्का इरादा असेल, तर गंभीर पापाचीही क्षमा तत्क्षणी होते. मार्च २०२० मध्ये चर्च बंद असताना रोमने नेमकी हीच तरतूद लोकांना आठवून दिली होती. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर कन्फेशन मात्र तेव्हाही चाललं नाही, आजही चालत नाही.

कन्फेशनला फादर आणि आपल्यामध्ये जाळी असते. तिथे गेल्यावर काय बोलायचं? क्रुसाची खूण, शेवटचं कन्फेशन कधी झालं ते, आणि मग पाप: प्रकार आणि संख्या. कादंबरी नको. रोखपालाचं निवेदन एवढंच: 'मी नोकरीच्या ठिकाणाहून आठ महिन्यांत साधारण वीस वेळा पैसे घेतले, एकूण ४०,०००. त्याचा ठपका दुसऱ्या व्यक्तीवर आला, तिचं नुकसान झालं आणि मी गप्प राहिलो.' नेमका आकडा आठवत नसेल तर 'महिन्यातून दोन-तीनदा' पुरतं. त्या बाईंचं नाव घ्यायचं नाही, पतपेढीचंही नाही. फादरांनाही कुणा साथीदाराचं नाव विचारायची मनाई आहे.

बिघडतं कुठे? 'माझ्याकडून काही चुका झाल्या' असं गोल बोललं की पापाचा प्रकारच कळत नाही, आणि भरपाईबद्दल फादर काही सांगू शकत नाहीत. काही जण स्वतःच्या पापाआधी साहेबाची पापं सांगतात. पगार कमी, घरी आजारपण, ही कारणं सांगायला हरकत नाही, पण ती पापाच्या जागी येऊन बसली की निवेदन राहत नाही, अर्ज होतो. सगळ्यात मोठी गफलत लपवण्याची. विसरून राहिलेलं पाप इतरांबरोबर माफ होतं, पुढच्या वेळी आठवेल तेव्हा सांगायचं. जाणूनबुजून एक गंभीर पाप मागे ठेवलं, तर ते कन्फेशनच अवैध. मग सांगितलेल्या पापांचीही क्षमा नाही, वर लपवल्याचं एक पाप वाढतं आणि पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

क्षमेचा क्षण कोणता, असं विचारलंत. धर्मगुरू हात पुढे करून म्हणतात, 'पिता आणि पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला तुझ्या पापांपासून मुक्त करतो', तो क्षण. क्षमा देव करतो, फादर तिचा अधिकृत सेवक. आधार योहान २०:२२-२३, जिथे पुनरुत्थित येशू शिष्यांवर फुंकर घालून पापांची क्षमा करण्याचा अधिकार देतो. त्यामुळे फादर स्वतः किती सज्जन आहेत यावर क्षमेची वैधता अवलंबून नाही.

---

आडवळण

आभार. पण प्रायश्चित्ताचं कळलं नाही. ऐकून आहे की फादर 'तीन वेळा नमो मारिया (मरियेची छोटी प्रार्थना) म्हणा' वगैरे सांगतात. ४०,००० रुपयांना तीन प्रार्थना? यातल्या कोणत्याही बाजूने हा हिशेब बसत नाही.

---

टिपकागद

हिशेब बसत नाही कारण 'प्रायश्चित्त' हा शब्द तुम्ही आपल्या नेहमीच्या अर्थाने घेताय. हिंदू धर्मशास्त्रातलं प्रायश्चित्त म्हणजे पाप करणाऱ्याने स्वतः करायचं कर्म: कृच्छ्र-चांद्रायणासारखी उपासाची व्रतं, दान. जितकं पाप तितकं माप. ते केलं की पाप फिटतं.

मराठी ख्रिस्ती लेखनात हाच शब्द दोन निराळ्या जागी बसवला गेला. मराठी बायबलात योहानाच्या पहिल्या पत्रात (२:२) प्रायश्चित्त हे कर्म नाही, ती व्यक्ती आहे: ख्रिस्त स्वतःच 'आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे'. आणि कॅथलिक व्यवहारात क्षमा जाहीर झाल्यावर फादर जे करायला सांगतात, तेही प्रायश्चित्त. एकात दुसऱ्या कुणी फेडलेलं, दुसऱ्यात फिटल्यानंतर केलेलं. दोन्हींत 'मी केलं म्हणून फिटलं' हा आपला अर्थ नाही.

हा घोळ मराठीपुरता नाही, लॅटिनमध्ये तो हजार वर्षं होता. शुभवर्तमानातल्या मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ मन पालटणं, मागे वळणं. लॅटिन बायबलात तिथे जो शब्दप्रयोग आला त्याचा अर्थ 'पश्चात्ताप करा' असाही होतो आणि 'प्रायश्चित्त करा' असाही. इरॅस्मस या विद्वानाने १५१६ मध्ये ग्रीक नवा करार छापून आणल्यावर ही फट सगळ्यांना दिसली. प्रोटेस्टंट सुधारणेला तोंड फोडणाऱ्या मार्टिन ल्यूथरच्या ३१ ऑक्टोबर १५१७ च्या ९५ विधानांत पहिली दोन याच शब्दावर आहेत: ख्रिस्ताने सांगितलेला पश्चात्ताप आयुष्यभराचा आहे, आणि त्या शब्दाचा अर्थ धर्मगुरूंसमोरचा संस्कार असा घेता येत नाही. पैशाचा आणि क्षमापत्रांचा (इंडल्जन्स) वाद त्याच्या पुढचा.

दुसरा शब्द 'ऋण'. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाठात 'आमची ऋणे आम्हांस सोड' असं आहे, लूकच्या पाठात तिथे 'पापं' आहेत. येशूच्या बोलीत, अरामीत, कर्ज आणि पाप या दोन्हींसाठी एकच शब्द होता, म्हणून हे दोन पाठ. क्षमा म्हणजे मनातला राग जाणं नव्हे, येणं सोडून देणं. मराठीत 'कर्जमाफी' म्हणताना आपण तेच म्हणतो.

---

लिंबलोण

टिपकागद यांनी कर्जमाफीचा विषय काढलाच आहे तर प्रोटेस्टंट बाजू तिथूनच सांगतो.

मत्तय १८ मधला दाखला आकड्यांसकट वाचा. एका चाकराला राजाचे १०,००० तालांत देणे आहेत. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर २ लाख वर्षं. हा चाकर राजाला म्हणतो, 'मला मुदत द्या, सगळं फेडतो.' ऐकणाऱ्यांना इथे हसू आलं असणार. राजा मुदत देत नाही, कर्जच सोडतो. बाहेर पडताच हा आपल्या जोडीदाराचा गळा धरतो, १०० दीनारांसाठी. तीन-चार महिन्यांची मजुरी, म्हणजे तेही अगदीच किरकोळ नाही. पण दोन कर्जांचं प्रमाण ६ लाखास १.

प्रोटेस्टंट शिकवण इथे उभी आहे: देवाचं देणं हप्त्याने फेडण्याच्या पलीकडचं आहे, म्हणून तीन प्रार्थनाही नकोत आणि तीन हजारही नकोत. सातबारा कोरा होतो तो कृपेने, आणि ती कृपा पदरात पडते विश्वासाने. आणि कर्जमाफीत रक्कम हवेत विरत नाही, कुणाच्या तरी खात्याला खर्ची पडते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. ती ख्रिस्ताच्या खात्याला पडली, हा वधस्तंभाचा अर्थ. रोमकरांस पत्राचा ३ रा अध्याय हेच सांगतो.

म्हणून रोखपाल प्रोटेस्टंट असेल तर त्याला मध्यस्थ लागत नाही (१ तीमथ्य २:५, एकच मध्यस्थ). तो थेट देवाजवळ पाप कबूल करेल. आधार १ योहान १:९: आपण पापं पदरी घेतली तर तो विश्वासू आणि न्यायी आहे, म्हणून क्षमा करील. 'न्यायी' हा शब्द नीट बघा. दया म्हणून नाही, देणं फेडलं गेलंय म्हणून. मंडळीत रविवारच्या उपासनेत सामुदायिक पापांगीकार असतो आणि त्यानंतर पाळक क्षमेचं वचन वाचतात. उत्तर भारत मंडळीत (ती १९७० मध्ये नागपूरला स्थापन झाली) हा भाग प्रभुभोजनाच्या विधीत ठरलेला आहे.

दोन गैरसमज काढून टाकतो. प्रोटेस्टंटांनी खासगी कन्फेशन एका फटक्यात रद्द केलं, हे खरं नाही. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाच्या ११ व्या कलमात ते ठेवायचं असंच म्हटलंय. काढलं ते एवढंच, की एकूणएक पाप मोजून सांगितलंच पाहिजे ही सक्ती. नंतर प्रथाच मागे पडली, आणि त्यात तोटाही झाला असं मला वाटतं. माणूस एकटा देवाशी बोलताना स्वतःला फार लवकर सोडून देतो. रोखपाल रात्री उशीत तोंड खुपसून 'प्रभू, चुकलो' म्हणेल आणि बाईंचा बोनस अडकलेलाच राहील.

दुसरा गैरसमज, 'विश्वासाने तारण म्हणजे पैसे परत करायला नकोत'. जक्कय या श्रीमंत जकातदाराची गोष्ट (लूक १९) क्रमाने वाचा. येशू आधी त्याला झाडावरून खाली बोलावतो, त्याच्या घरी उतरतो. त्यानंतर जक्कय उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत करतो. परतफेड क्षमेची किंमत नाही, पण क्षमा खरी पोचल्याची खूण आहे. फळच लागलं नाही तर झाड तपासा. जुन्या करारात दर ठरलेला आहे: गणना ५:७, पूर्ण रक्कम अधिक पाचवा हिस्सा. म्हणजे ४०,००० वर ८,०००, एकूण ४८,०००. तो नियम ख्रिस्ती माणसावर जसाच्या तसा लागू नाही, पण 'मुद्दल तेवढं देऊन मोकळा झालो' म्हणणाऱ्याने तो एकदा वाचावा.

---

घंटाघर

लिंबलोण यांच्याशी माझं इथे जवळजवळ भांडण नाही. तीन नमो मारियाचं उत्तर देतो.

कॅथलिक शिकवणीत एका पापातून तीन गोष्टी उभ्या राहतात आणि त्या तीन ठिकाणी मिटतात. पहिली, देवाजवळचा अपराध. तो पापमुक्तीच्या शब्दांनी संपतो, फुकट, प्रायश्चित्त सुरू व्हायच्या आधीच. दुसरी, माणसाचं झालेलं नुकसान. ते कन्फेशनने एक पैसाही भरून येत नाही. चोरीचं परत करावंच लागतं, आणि परत करायचा इरादाच नसेल तर पश्चात्ताप खरा नाही, मग पापमुक्ती देता येत नाही. तिसरी, पापाने माणसात मागे ठेवलेली वाकडी सवय आणि तिची भोगायची उरलेली बाजू. प्रायश्चित्त या तिसऱ्या खात्यातलं आहे. ते दंड म्हणून मोजलं तर हास्यास्पदच वाटेल. जाणते धर्मगुरू म्हणून निव्वळ प्रार्थना न देता पापाला उलटं पडेल असं काही देतात. पैशाच्या हावेला दान, जिभेच्या पापाला मौन.

टिपकागद म्हणाले ती क्षमापत्रं, म्हणजे इंडल्जन्स, या तिसऱ्या खात्यातच येतात. इंडल्जन्सने पापाची क्षमा होत नाही, क्षमा झालेल्या पापाचं उरलेलं भोगणं कमी होतं. पूर्ण इंडल्जन्सला ठरवून दिलेलं कृत्य, कन्फेशन, कम्युनियन, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाबद्दल अजिबात ओढ नसणं एवढं लागतं. शेवटची अट सर्वात अवघड, आणि तिच्यासाठी कुठेही पावती फाडता येत नाही. १५१७ मध्ये जर्मनीत पावत्या फाडल्या जात होत्या, म्हणून तर एवढं झालं.

आता पोलिसांचं. फादर सांगू शकत नाहीत, शब्दाने नाही, खुणेने नाही, जीव गेला तरी नाही. धर्मसंहितेच्या ९८३ व्या कलमात ही गुप्तता 'अभंग' म्हटली आहे. थेट फोडणाऱ्याला आपोआप बहिष्कार लागतो, आणि तो उठवण्याचा अधिकार फक्त रोमकडे. दुभाष्या वापरला तर तोही बांधील. फादर त्याच पतपेढीच्या संचालक मंडळावर असले, तरी त्या माहितीचा उपयोग करून रोखपालाची बदलीसुद्धा सुचवू शकत नाहीत (कलम ९८४). आणि 'आधी पोलिसांत हजर हो, मग पापमुक्ती देतो' अशी अटही घालता येत नाही. हे रोमने २०१९ च्या टिपणात स्पष्ट केलंय. ते हजर व्हायला सुचवू शकतात, आग्रह करू शकतात. अट नाही.

भारतीय कायद्याची बाजू वेगळी. साक्षीच्या कायद्यात वकील-अशील आणि पती-पत्नी यांच्या बोलण्याला संरक्षण आहे, धर्मगुरूंसाठी तसं कलम नाही. न्यायालयाने विचारलं तर फादरांना गप्प बसून त्याचे परिणाम सोसावे लागतील. मुलांच्या लैंगिक अत्याचाराबाबत पॉक्सोचं १९ वं कलम कळवण्याची सक्ती प्रत्येकावर करतं, तिथे हा ताण सर्वात तीव्र आहे आणि त्यावर सोपं उत्तर नाही.

---

जुनी वही

इतिहासातली एक कडी राहिली. 'क्षमा किती वेळा' हा प्रश्न आरंभीच्या चर्चला फाडणारा होता.

इ. स. २५० मध्ये सम्राट डेसियसने सर्वांना रोमन देवतांपुढे यज्ञ करून दाखला घ्यायला लावलं. कित्येक ख्रिस्ती लोकांनी यज्ञ केला, काहींनी यज्ञ न करता पैसे देऊन दाखले मिळवले. छळ ओसरल्यावर हे लोक परत आले. रोममध्ये नोव्हेशियन हा धर्मगुरू म्हणाला, यांना परत घ्यायचा चर्चला अधिकारच नाही. कार्थेजचे बिशप सिप्रियन आणि रोमचे बिशप कॉर्नेलियस म्हणाले, दीर्घ प्रायश्चित्तानंतर घेता येईल. दुसरी बाजू टिकली, म्हणून आज हा धागा निघू शकला.

पण तेव्हाचं प्रायश्चित्त चारचौघांत, काही वर्षांचं, आणि बाप्तिस्म्यानंतर आयुष्यात एकदाच मिळणारं. परिणाम माणसांनी हेरला: बाप्तिस्माच लांबवायचा. बाप्तिस्म्याने तोवरची सगळी पापं धुतली जातात, वेगळं कन्फेशन लागत नाही, मग घाई कशाला? सम्राट कॉन्स्टंटाइनचा बाप्तिस्मा ३३७ मध्ये मरणशय्येवर झाला तो याच रिवाजात. खासगीत, पुन्हा पुन्हा करायचं कन्फेशन रुजलं ते सहाव्या शतकापासून आयर्लंडच्या मठवासींमुळे. त्यांच्या वह्यांत पापागणिक दर असे: इतके दिवस पाणी-भाकर. पुढे उपवासाऐवजी प्रार्थना, प्रार्थनेऐवजी पैसे अशी अदलाबदल सुरू झाली आणि उताराला लागलेली ती गाडी थेट १५१७ ला येऊन आदळली. सिनेमात दिसतं ते जाळीचं लाकडी खोकं त्यानंतरचं, मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी सोळाव्या शतकात चालवलेलं. हेतू गूढपणा नव्हता, फादर आणि निवेदन करणारी स्त्री यांच्यामध्ये आडोसा हवा, एवढा साधा.

क्षमा आणि कायद्याची शिक्षा यांचं नातं बघायला दोन उघड प्रकरणं पुरेत. पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर १३ मे १९८१ रोजी गोळ्या झाडणाऱ्या मेहमेत अली आजाला त्यांनी चारच दिवसांत जाहीर क्षमा केली आणि डिसेंबर १९८३ मध्ये तुरुंगात जाऊन भेटले. आजा मात्र इटलीच्या तुरुंगात २००० पर्यंत होता. ओडिशात जानेवारी १९९९ मध्ये ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांच्या दोन मुलांना जाळून मारलं गेलं. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं, खटला चालला आणि शिक्षा झाली. क्षमा करणाऱ्याने आपलं येणं सोडलं, न्यायालयाचं सोडायचा त्याला अधिकार नव्हता. 'तू ख्रिस्ती ना, मग तक्रार मागे घे' असं मारहाण सोसणाऱ्या बाईला सांगणारे लोक हीच गल्लत करतात.

---

लिंबलोण

क्षमा न होणाऱ्या पापाचं राहिलंय. मार्क ३:२८-३०. संदर्भ असा: येशू भुतं काढतोय आणि शास्त्री (यहुदी धर्मशास्त्राचे पंडित) डोळ्यांनी बघून म्हणतायत की हे सैतानाच्या बळावर चाललंय. पवित्र आत्म्याचं दुर्भाषण ते हेच, उजेड समोर असताना त्याला हट्टाने अंधार म्हणणं. हे एखादं वाक्य तोंडातून निसटण्याबद्दल नाही. कॅथलिक शिकवणही इथे वेगळी नाही: देवाच्या दयेला मर्यादा नाही, पण शेवटपर्यंत ती घ्यायलाच नकार दिला तर ती लादली जात नाही. आपल्या हातून ते पाप घडलं की काय, या काळजीने ज्याची झोप उडते त्याच्या हातून ते घडलेलं नाही. काळजी वाटते हाच पुरावा.

ज्यांना ही काळजी पुन्हा पुन्हा छळते, माफ झालेलंच पाप दर आठवड्याला सांगावंसं वाटतं, त्यांच्यासाठी घंटाघर, तुमच्याकडे काय सल्ला असतो?

---

घंटाघर

एकच कन्फेसर (कन्फेशन ऐकणारा धर्मगुरू) धरायचा आणि त्याचं ऐकायचं. दहा फादरांना विचारलं तर दहा उत्तरं मिळतात आणि शंका दहापट होते. जुनी, एकदा सांगून झालेली पापं पुन्हा सांगायची नाहीत, असा नियम तो कन्फेसर घालून देतो. ते मंत्रचळाच्या पातळीवर गेलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणं हा त्याच्या कामाचा भाग आहे, श्रद्धेचा पराभव नाही.

---

आडवळण

बरंच सुटलं. एकच व्यवहारी प्रश्न. रोखपालाला परत करायचंय, पण नोकरी घालवायची नाही. निनावी पाकिटातून ४०,००० पाठवले तर चालेल?

---

घंटाघर

निनावी परतफेड चालते. स्वतःची अब्रू चव्हाट्यावर मांडायची सक्ती नाही. पाकीट दुसऱ्याच्या हातून पाठवता येतं. रोखपालाने परवानगी दिली तर खुद्द फादरही नाव न घेता पोचवू शकतात. एकदम जमत नसेल तर हप्त्याने, पण हप्ता ठरलेला हवा, 'जमेल तसं' नको. मूळ मालक सापडतच नसेल तर ती रक्कम गरिबांना देतात, पण इथे मालक समोर आहे, त्यामुळे दानपेटीत टाकून सुटका नाही. लोकांना दानपेटी सोयीची वाटते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तुमच्या प्रकरणात नुसते ४०,००० मात्र पुरणार नाहीत. बाईंचे १०,००० रोखपालाच्या खिशात गेले नसले तरी त्याच्यामुळे बुडाले, ते पोचले पाहिजेत. आणि त्यांच्या नावावरचा ठपका पैशाने निघत नाही. निनावी नोटांचं पाकीट कुठला खुलासा न करता आलं, तर पतपेढी ती रक्कम सस्पेन्स खात्याला (उलगडा न झालेल्या रकमांचं खातं) जमा करून ठेवेल आणि बाईंच्या नावावरची तफावत तशीच राहील. म्हणून सोबत टाइप केलेली चिठ्ठी हवी: कोणत्या महिन्यात किती काढले, एकूण किती, आणि त्याच्याशी या बाईंचा काही संबंध नाही. आकडे पतपेढीच्या तफावतीशी जुळले तरच चिठ्ठीवर विश्वास बसेल. एवढं करूनही बाईंचं नाव साफ झालं नाही, तर मात्र निनावी राहण्याची सवलत संपते.

---

लिंबलोण

यात आमच्याकडूनही काही कमी-जास्त नाही. महिनावार आकडे आठवत नसतील तर त्याने आधी ते काढायला बसावं. कन्फेशनला 'महिन्यातून दोन-तीनदा' चालतं, पतपेढीला चालणार नाही.